घरमालकाची पायरी

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, ती १९४९ साली उल्हासनगर या नावाने नगर म्हणून उभी राहिली. आज तेथे काय, शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरात काय, भाड्याच्या घरांत कोणी मालक भाडेकरूच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो, तर कोणी दूरदेशी राहून केवळ भाडे जमा झाल्याची खातरजमा करतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने मालक-भाडेकरू संबंधाची सीमा बऱ्याच अंशी आखून दिली आहे. कलम २८ अन्वये मालकास जागेची पाहणी करता येते, परंतु आगाऊ सूचना देऊन व वाजवी वेळीच. भाड्याची लेखी पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि रुसव्यापोटी पाणी वा वीज तोडण्यास कलम २९ मनाई करते. तेव्हा किल्लीची दुसरी प्रत हाती आहे एवढ्यावरून न सांगता आत शिरणे, पाहुणे किती आले किंवा स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी करणे, हा माझ्या मते आपुलकीचा नव्हे, तर अधिकाराचा अतिरेक होय.

मात्र संपूर्ण अलिप्तताही मला मान्य नाही. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. अशा वेळी तळमजल्यावरच्या कुटुंबाला वेळीच सावध करणारा, ओल आलेली भिंत पावसाळ्यापूर्वी स्वखर्चाने दुरुस्त करून देणारा मालक त्या कुटुंबास हवा असतो.