गोल पाठीवर सरळ दिवा

अकोल्याहून चिखलदऱ्याला जुनी, गोल पाठीची कॅराव्हॅन न्यायची असेल, तर आधी मागचे दिवे तपासा. पावसाळ्यात तिथल्या घाटात दाट धुके असते.

दिव्याचा झोत काचेच्या सरळ समोर सर्वांत प्रखर असतो. गोलाईवर दिवा थेट आवळला, की तो तिरपा बसतो आणि झोत आभाळाकडे जातो. बूडही नीट टेकत नाही; फटीतून पाणी शिरते, गंज चढतो, अर्थिंग तुटते.

उपाय सोपा आहे. गोलाईबरहुकूम कापलेली रबरी पाचर खाली घाला, वरची कड सिलिकॉनने बुजवा, खालची पाणी निथळायला मोकळी ठेवा. अर्थची वायर थेट चासीला जोडा. निघण्यापूर्वी मागे उभे राहून दिवे पाहाच.