शंभर वॅटचा आवाज पन्नासच्या दुप्पट असतो का?

दुकानात दोन स्पीकर, म्हणजे ध्वनिक्षेपक, मांडलेले आहेत. एकावर ५० वॅट लिहिले आहे, दुसऱ्यावर १०० वॅट. दुसऱ्याचा आवाज दुप्पट येईल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे होत नाही.

वॅट हे शक्तीचे एकक. ध्वनिक्षेपक किती विद्युतशक्ती पेलू शकतो, एवढेच तो आकडा सांगतो. त्यातील बहुतेक शक्तीची तारेच्या वेटोळ्यात उष्णता होते. घरगुती ध्वनिक्षेपकात जेमतेम एक टक्का शक्ती ध्वनीत उतरते.

ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. शक्ती दुप्पट केली, तरी पातळी ३ डेसिबेलनेच वाढते. कानाला थोडासाच फरक कळतो. आवाज दुप्पट वाटण्यासाठी पातळी सुमारे १० डेसिबेलने वाढावी लागते. म्हणजे शक्ती दहापट हवी!

मग विकत घेताना काय पाहावे? संवेदनशीलता. १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर मिळणारी पातळी म्हणजे संवेदनशीलता. ९० डेसिबेलचा ध्वनिक्षेपक २० वॅटमध्ये जो आवाज देईल, त्यासाठी ८७ डेसिबेलच्या ध्वनिक्षेपकाला ४० वॅट लागतील.

हाच हिशेब कानाच्या आरोग्यालाही लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबेलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे सुरक्षित आहे; ९० डेसिबेलचा मात्र ४ तासच. शक्ती दहापट, म्हणून वेळ एकदशांश! बटण फिरवताना एवढे ध्यानात ठेवा.