खेळाचा व्यवसाय आणि खतावणी

धार येथील आमच्या कन्येचे चिरंजीव संगणकावरील खेळ स्वतंत्रपणे तयार करून विकू इच्छितात, हे गतवर्षी ऐकून आम्ही प्रथम नाराज झालो. पेढी सोडून खेळ! परंतु ८४ घरांची ज्ञानबाजी आपल्याच पूर्वजांनी खेळली, याचे स्मरण झाले. मग त्यांस देवासला पेढीवर बोलावून वही मागितली. कसब भरपूर होते. जमाखर्च मात्र मुळीच नव्हता. असे तरुण आता अनेक घरांत आहेत, म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

पहिली बाब भांडवलाची. दोघांचा मासिक खर्च ४०,००० रुपये व काम १८ महिन्यांचे धरल्यास ७,२०,००० रुपये गुंततात. खेळाची किंमत ५०० रुपये ठेवली, तर 'स्टीम' हा विदेशी विक्रीमंच साधारणतः ३० टक्के आडत कापून घेतो, उरतात ३५०. कर, सवलत व परतावा बाजूस ठेवले तरी मुद्दल सुटण्यास २,०५८ प्रती खपल्या पाहिजेत. शिवाय प्रत्येक खेळाचे प्रवेशशुल्क १०० डॉलर. खरेदीपासून १४ दिवसांत, २ तासांहून कमी खेळून ग्राहकाने पैसे परत मागितल्यास ते द्यावे लागतात.

आम्हीही तरुणपणी सोयाबीन भरताना खरेदीचा भाव तेवढा पाहिला. बारदान, भाडे, व्याज व वजनातील तूट धरली नाही. भाव चढला, तरी तोटाच आला. दोष मालात नव्हता, हिशेबात होता.

दुसरी बाब करारपत्राची. मित्राने संगीत वा चित्रे करून दिली, म्हणजे त्यांचे हक्क आपोआप आपले होत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतर सहीच्या लेखानेच होते. लेखात मुदत न लिहिल्यास ५ वर्षे आणि प्रदेश न लिहिल्यास केवळ भारत, असे धरले जाते. जगभर विकावयाच्या मालास एवढे कसे पुरावे?

तिसरी बाब ग्राहकाची. वानगी दाखविल्यावाचून धान्याचा सौदा होत नाही. खेळाचेही तसेच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी' या खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न केला. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे प्रकाशक मिळाला व २०२० मध्ये खेळ बाजारात आला. मात्र प्रकाशक भांडवल देतो, तसा उत्पन्नात वाटाही घेतो. तो किती व केव्हापर्यंत, हे आधी ठरवावे.

चिरंजिवांस आम्ही १८ महिन्यांची मुदत आणि एक कोरा रोजमेळ दिला आहे. ते रोज रात्री जमाखर्च लिहितात व दर महिन्यास धारहून येऊन दाखवितात. मुदतीअखेर काय होईल, ते आज आम्हांस ठाऊक नाही; परंतु यश वा अपयश, जे येईल ते वहीत स्पष्ट दिसेल. पालक बंधुभगिनींस विनंती एवढीच, की मुलास नकार देण्यापूर्वी त्याच्याकडून हिशेब मागावा. आणि तो येत नसेल, तर तो शिकविणे हे आपलेच काम आहे.