दुसऱ्या रविवारची गर्दी

२२ ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातली चित्रपटगृहं पुन्हा उघडली, तीही निम्म्या क्षमतेनं. मार्च २०२० मध्ये लागलेलं कुलूप मधले काही महिने सोडले तर निघालंच नव्हतं. तेवढ्या काळात घरबसल्या सिनेमा पाहायची सवय सगळ्यांनाच लागली होती. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला खरा, पण मराठी प्रेक्षकाला तो एप्रिल २०२१ मध्ये पाहायला मिळाला नेटफ्लिक्सवर. मराठी सिनेमासाठी तिकीट काढणारा प्रेक्षक आता संपला, असं तेव्हा अनेक जण म्हणत होते. त्यानंतरच्या चार वर्षांचा हिशेब मांडला, तर ते भाकीत चुकलं असं ठामपणे म्हणता येतं. प्रेक्षक परत आला. मात्र तो शुक्रवारी येत नाही. चार जणांना विचारून, घरातल्यांच्या सवडी जुळवून येतो. म्हणूनच या काळात जे मराठी सिनेमे टिकले, त्यांचं नशीब दुसऱ्या आठवड्यानं घडवलं, आणि चांगले असूनही जे हरवले, त्यांतल्या अनेकांना तो आठवडा धड मिळालाच नाही.

सुरुवात ‘झिम्मा’नं केली. हेमंत ढोमे यांचा हा सिनेमा १९ नोव्हेंबर २०२१ ला आला. सात बायका एका टूर कंपनीबरोबर लंडनला जातात, एवढीच गोष्ट. पण सुहास जोशी, निर्मिती सावंत, क्षिती जोग, सोनाली कुलकर्णी यांच्यासारख्या अभिनेत्रींना एकत्र आणून, कुणालाही आई-सासूच्या ठरलेल्या चौकटीत न कोंबता, मोकळेपणानं हसू-बोलू देणं हेच त्याचं मोठं काम होतं. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याची सक्ती असताना हा सिनेमा पन्नास दिवस चालला. मैत्रिणी गटानं येत होत्या, घरी जाऊन बहिणींना सांगत होत्या, आणि पुढच्या आठवड्यात बहिणी येत होत्या.

त्या वेळी अनेकांनी हे यश अपवादात्मक मानलं. दीड वर्षानं ‘बाईपण भारी देवा’नं तो समज पार पुसून टाकला.

३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा हा सिनेमा लागला तेव्हा त्याच्याकडून कुणी फार मोठी अपेक्षा धरली नव्हती. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहा बहिणी. एकमेकींशी धड बोलणं नाही, जुनी दुखणी उरात, आणि समोर मंगळागौरीची स्पर्धा. वैशाली नाईक यांच्या लेखनाची ताकद अशी, की प्रत्येक बहिणीची अडचण वेगळी आहे आणि ती दोन-तीन प्रसंगांत नेमकी कळते. शेवटाकडे थोडा उपदेश होतो, काही प्रसंग मालिकेच्या वळणावर जातात, हेही खरं. पण खरा खेळ पडद्यासमोर रंगला. नऊवारी, नथ आणि गॉगल अशा थाटात महिला मंडळांनी अख्खे शो आरक्षित केले. सिनेमा संपल्यावर पडद्याखालच्या मोकळ्या जागेत फुगड्या रंगल्या. चाळिशी-साठीतल्या अनेक प्रेक्षक तर कित्येक वर्षांनी थिएटरची पायरी चढल्या होत्या.

या गर्दीचं वेळापत्रक समजून घेण्यासारखं आहे. सोसायटीच्या किंवा भिशीच्या बारा-पंधरा जणींनी एकत्र सिनेमाला जायचं तर आधी एखादीनं तो पाहायला हवा, तिनं ग्रुपवर लिहायला हवं, मग मुलांच्या शाळा, नोकरीच्या वेळा, घरचा स्वयंपाक सांभाळून दिवस ठरायला हवा. यात आठवडा सहज जातो. ‘बाईपण’ची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्याच्या जवळजवळ दुप्पट झाली ती यामुळे. पुढे ‘मिशन इम्पॉसिबल’ आला, ‘ओपनहायमर’ आणि ‘बार्बी’ एकाच शुक्रवारी आले, तरी सहा बहिणी पडद्यावरून हलल्या नाहीत. सिनेमानं पंचाहत्तर कोटींचा पल्ला ओलांडला, आणि यातला नायक कोण, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

त्याच पंगतीत, पण वेगळ्या वाटेनं, ‘वेड’ बसतो. ३० डिसेंबर २०२२ ला आलेला रितेश देशमुख यांचा हा दिग्दर्शनातला पहिला प्रयत्न आणि जिनिलिया यांची मराठीतली पहिली मोठी भूमिका. मूळ तेलुगू ‘मजिली’. पुरुषानं आयुष्य उधळायचं आणि बायकोनं निमूट वाट पाहायची, हा त्याचा गाभा आज खटकतो आणि खटकायलाच हवा. तरी अजय-अतुल यांचं संगीत, जिनिलिया यांचा संयत अभिनय आणि देखणं छायाचित्रण यांच्या जोरावर तरुण प्रेक्षक तुटून पडला. ‘अवतार’चा दुसरा भाग नुकताच लागलेला असतानाही दुसऱ्या आठवड्यातला गल्ला पहिल्याच्या जवळपास राहिला. २०१६ च्या ‘सैराट’नंतर तरुणाईनं मराठी सिनेमासाठी इतकी झुंबड उडवल्याचं तोवर दिसलं नव्हतं.

पण चाहत्याच्या दृष्टीनं त्या हंगामाचा खरा ऐवज होता ‘वाळवी’. १३ जानेवारी २०२३ ला आलेल्या परेश मोकाशी यांच्या या सिनेमात नवरा आपल्या प्रेयसीच्या साथीनं बायकोचा काटा काढायचा बेत आखतो, आणि बेत पहिल्याच पावलाला घसरतो. पुढचं सांगणं म्हणजे पाहणाऱ्याचा आनंद हिरावणं. मराठीत रहस्य आणि काळा विनोद यांचा मेळ क्वचितच इतका नेटका बसला आहे. एकही गाणं नाही म्हणून कुणी कुरकुर केली नाही, कारण श्वास घ्यायला सवडच नव्हती. मोठ्या जाहिरातीशिवाय, ‘शेवट सांगू नका’ एवढ्या विनवणीवर तो वाढत गेला. २५ जानेवारीला ‘पठाण’ आला आणि पडदे त्याच्याकडे वळले, तरीही पाहिलेल्यांची चर्चा थांबली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान ‘वाळवी’ला मिळाला.

हे झाले जगलेले सिनेमे. दुसरी बाजू पाहायची तर कॅलेंडर उघडावं लागतं.

२८ एप्रिल २०२३ ला ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘टीडीएम’ एकाच दिवशी लागले, वर मणिरत्नम यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’चा दुसरा भाग. शो मिळत नाहीत म्हणून ‘टीडीएम’च्या चमूला लोकांसमोर येऊन रडायची वेळ आली. ५ जानेवारी २०२४ ला ‘पंचक’, ‘सत्यशोधक’ आणि ‘ओले आले’ हे तिन्ही एकाच शुक्रवारी. १ मे २०२४ ला ‘नाच गं घुमा’ आणि ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ समोरासमोर, तर महेश मांजरेकर यांचा ‘जुनं फर्निचर’ जेमतेम पाच दिवस जुना. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ एकत्र. प्रेक्षक तोच, त्याचा खिसा तोच, आणि आठवड्याला एक सिनेमा पाहणारी मराठी कुटुंबं मोजकीच. मल्टिप्लेक्समध्ये शुक्रवार ते रविवारचे आकडे पाहून सोमवारपासून शो कापले जातात. दुपारी साडेबाराचा किंवा रात्री उशिराचा एकच शो उरला, की नोकरदार माणसाला इच्छा असूनही जाता येत नाही. मग आकडे आणखी घसरतात आणि शो बंद करायला कारण मिळतं. राज्यात मराठी सिनेमासाठी वर्षाचे चार आठवडे राखून ठेवण्याचा नियम आहे, पण कोणत्या सिनेमाला कोणती वेळ मिळते यावर सगळं अडतं.

या काळातला सर्वांत ठळक प्रवाह शिवकालीन सिनेमाचा. दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ १८ फेब्रुवारी २०२२ ला आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी ‘शेर शिवराज’, पुढे ‘सुभेदार’ आणि ‘शिवरायांचा छावा’. यांत ‘पावनखिंड’ सरस, आणि त्याचं श्रेय अजय पुरकर यांच्या बाजीप्रभूंना. खिंडीतल्या लढाईत हा माणूस थकतो, जखमी होतो, आणि ते थकणं अंगातून दिसतं. म्हणून त्याचा पराक्रम खरा वाटतो. पुढच्या सिनेमांत तीच मांडणी, तशीच घोषणांची पेरणी आणि तोच अभिनेत्यांचा संच यांमुळे धार बोथट होत गेली. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ आला. ‘टपाल’ आणि ‘लालबागची राणी’ हे मराठी सिनेमे करणाऱ्या दिग्दर्शकानं शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर हिंदीत सिनेमा केला, आणि त्यानं पाचशे कोटींच्या पुढे मजल मारली. तो पाहायला महाराष्ट्रातलीच गावंच्या गावं लोटली होती. भव्यतेच्या स्पर्धेत मराठी निर्माता हिंदी पैशापुढे टिकणार नाही, हे त्या महिन्यात लख्ख दिसलं. मराठी शिवपटाला यापुढे माणसांच्या बारकाव्यांवर उभं राहावं लागेल, बाजीप्रभूंच्या त्या थकव्यासारख्या.

चरित्रपटांचीही लाट आली. निपुण धर्माधिकारी यांचा ‘मी वसंतराव’ त्यांत उजवा. राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली, गाणंही स्वतः गायलं आणि पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पण सिनेमा लक्षात राहतो तो वसंतरावांच्या उशिरा उमललेल्या कारकिर्दीमुळे. सरकारी नोकरीत अडकलेला, स्वतःच्या गळ्यावरच शंका घेणारा गायक त्यात दिसतो. केदार शिंदे यांनीही ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये आपल्या आजोबांची, शाहीर साबळे यांची गोष्ट सांगितली. अंकुश चौधरी यांची मेहनत दिसते, पण घटनांच्या यादीतून माणूस हाती लागत नाही. प्रवीण तरडे यांच्या ‘धर्मवीर’मध्ये प्रसाद ओक यांनी आनंद दिघे यांची देहबोली अचूक पकडली. सिनेमा मात्र त्यांच्याकडे भक्ताच्या नजरेनंच पाहत राहतो.

पुरस्कार मिळालेल्या सिनेमांची परवड हा या मागोव्यातला सर्वांत दुखरा भाग. नांदेड जिल्ह्यातल्या हनुमंत केंद्रे यांच्या जलसंधारणाच्या कामावरचा, आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि थिएटरमध्ये आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. निखिल महाजन यांच्या ‘गोदावरी’ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, नाशिकच्या घाटावरचा तो संथ, खोल सिनेमा पडद्यावर पाहिलेले लोक फार थोडे. आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ बर्लिनच्या महोत्सवात गेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे लागला. शाळकरी मुलाच्या पहिल्या प्रेमातून जात, धर्म आणि देशातली उलथापालथ इतक्या खेळकरपणे सांगणारा दुसरा सिनेमा या काळात नाही. त्याला शाळा-कॉलेजांतून प्रेक्षक मिळवून द्यायला हवा होता.

आणि ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांचा हा सिनेमा सप्टेंबर २०२३ मध्ये टोरोंटोला गाजला, महाराष्ट्रात आला ७ मार्च २०२५ ला. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापूस पिकवणारा बाप, कॉलेजात शिकणारी सविता. सिनेमा उघडतो तो तिच्या स्वप्नानं: समोर मुलगा अंग चोरून बसलेला आणि बायका त्याला शिक्षण, उंची, छंद विचारताहेत. मग स्वप्न मोडतं आणि पाटावर सविता येते. एकामागून एक पाहुणे येतात, पोहे-चहा होतो, तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले जातात, निघताना ‘कळवतो’ म्हणतात. कॅमेरा जागचा हलत नाही. चौथ्या वेळेला प्रेक्षकालाच पुढचा प्रश्न पाठ झालेला असतो आणि पोटात गोळा येतो. गावातल्याच माणसांनी केलेला हा अभिनय आणि तिथली बोली यांमुळे ‘स्थळ’ या चार वर्षांतला सर्वोत्तम मराठी सिनेमा ठरतो.

२०२५ नं मात्र हुरूप वाढवला. १ मेला शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय!’ आला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत बसून दहावी होतात, ही खरी घडलेली गोष्ट. समोर त्याच दिवशी ‘गुलकंद’ आणि अजय देवगण यांचा ‘रेड २’. तरी भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांच्या या सिनेमानं पाहिलेल्यांच्या शिफारशीवर तग धरला. जूनमध्ये ‘जारण’नं भयपटाला मानसिक आजाराची जोड दिली आणि अमृता सुभाष यांनी तो पेलून दाखवला. सप्टेंबरात सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’मध्ये एक्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर दृष्टी अधू झालेल्या बाबुली मेस्त्रीच्या रूपात उभे राहिले. उत्तरार्ध थोडा भडक आहे. पण खाणींच्या सावटाखालचं कोकण आणि दशावतारी रंगभूमी इतक्या जवळून आधी दिसली नव्हती. त्याच्या कमाईचा आलेख शुक्रवारपेक्षा शनिवारी वर, शनिवारपेक्षा रविवारी वर गेला. पुढच्याच शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ मोजक्या पडद्यांवर आला. सनडान्समध्ये जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेली ही दोन पुरुषांच्या प्रेमाची ग्रामीण गोष्ट महाराष्ट्रात थिएटरात लागली, लोकांनी शांतपणे बसून पाहिली, हीच मोठी गोष्ट.

निर्मात्यांनी आता एकत्र बसून तारखा वाटून घ्याव्यात. १ मे आणि गणपतीनंतरचा पंधरवडा यांवर सगळ्यांनी एकदम उड्या टाकू नयेत. थिएटरचालकांनी संध्याकाळचा किमान एक शो दुसऱ्या रविवारपर्यंत राखावा, कारण ‘बाईपण’ आणि ‘वेड’ यांनी पैसे मिळवून दिले ते त्याच दिवसांत. आणि महोत्सवातून परतलेल्या सिनेमाला दीड-दोन वर्षं डब्यात न ठेवता, चर्चा ताजी असतानाच चंद्रपूर, नांदेड, नाशिक अशा त्याच्या स्वतःच्या मुलखात आधी लावावं. ‘स्थळ’पासूनच ही पद्धत सुरू व्हायला हवी होती, पुढच्या सिनेमापासून ती करून पाहायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.