चित्रात धुणे आहे, घाम नाही

नदीकाठची पाणचक्की, उडणारी कबुतरे, मोडकळीला आलेला पूल आणि पाण्याशी धुणे धुणाऱ्या बायका. अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बुशे याच्या निसर्गचित्रांत हे सारे पुन्हा पुन्हा भेटते. पॅरिसजवळच्या शारांतोंची पाणचक्की तर त्याने एकाहून अधिक वेळा रंगवली. नाजूक, लाडिक, नक्षीदार अशा या शैलीला ‘रोकोको’ म्हणतात. गिऱ्हाईक अर्थातच राजदरबारचे आणि धनिकांचे.

आता त्या बायकांकडे नीट पाहा. त्या काळी फ्रान्समध्ये मोठे धुणे म्हणजे काही दिवसांचे काम. कपडे लाकडी पिंपात रचायचे, वर राख पसरून तिच्यावरून कढत पाणी पुन्हा पुन्हा ओतायचे. मग ते ओले, जड कापड नदीवर नेऊन, गुडघे टेकून, लाकडी फळीने धोपटायचे. थंडीतही! बुशेच्या धोबिणी मात्र ताज्यातवान्या, जणू सहलीलाच आलेल्या.

हे त्याच्या समकालीनांना दिसत नव्हते असे नाही. १७६१ मध्ये दिदरो या लेखकाने बुशेबद्दल लिहिले, की या माणसाजवळ सत्य सोडून बाकी सगळे आहे. बुशे १७७० मध्ये वारला. नंतर पाचच वर्षांनी, १७७५ च्या वसंतात, पाव महागला म्हणून पॅरिसच्या आसपासच्या गावांत दंगे उसळले, पिठाची लूट झाली. चित्रातल्या चक्कीत मात्र कुणाला भूक नाही.

तरी बुशेने कष्टकऱ्यांना निदान जागा दिली. त्याच सुमारास, १७५० च्या आसपास, इंग्लंडमध्ये तरुण टॉमस गेन्सबरोने जमीनदार अँड्र्यूज आणि त्यांची पत्नी यांचे चित्र काढले. बाईंचा निळा झगा, त्यांचे नक्षीदार बाक अगदी रोकोको थाटाचे. शेजारी बंदूक घेतलेले साहेब, पायाशी कुत्रा. उजवीकडे कापणी झालेले गव्हाचे शेत. धसकटांच्या सरळ ओळींवरून पेरणी यंत्राने झाली होती हेही कळते. एवढे बारकाईने रंगवलेले शेत, पण कापणारा, पेंढ्या बांधणारा एकही माणूस त्यात नाही.

१९६० पासून हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कधी जाणे झालेच, तर त्या जोडप्यावरून नजर काढून उजवीकडच्या पेंढ्यांपाशी थोडे थांबा.