मासे खरंच कमी झाले, की करंट कमी पडला?

अमेरिकेत तलावातले मासे मोजायला विजेची बोट वापरतात. बोटीवरचा जनरेटर पुढे लोंबणाऱ्या इलेक्ट्रोडमधून पाण्यात वीज सोडतो. मासे काही वेळ बधिर होतात. त्यांना जाळीने उचलायचं, मोजायचं आणि परत सोडायचं.

अडचण अशी की प्रत्येक पाण्यात वीज सारखी वाहत नाही. पाण्यात क्षार खूप कमी असोत किंवा खूप जास्त, माशाच्या शरीरात कमी ऊर्जा पोहोचते. त्यामुळे बटण त्याच आकड्यावर असूनही एका तलावात जाळी भरते, दुसऱ्यात रिकामी राहते. आणि आपल्याला वाटतं, मासेच संपले!

म्हणून सारखं ठेवायचं ते व्होल्टेज नाही, तर माशापर्यंत पोहोचणारी शक्ती. आधी पाण्याची विद्युतवाहकता मोजायची, मग त्यानुसार यंत्र लावायचं. अमेरिकन फिशरीज सोसायटीने २००९ मध्ये मासे मोजण्याच्या प्रमाणित पद्धतींचं पुस्तकच काढलं.

यात माशांचाही जीव गुंतलाय. झटका चुकीचा बसला तर स्नायू इतके आखडतात की कणा मोडू शकतो.

किती मासे धरू द्यायचे, हे याच आकड्यांवरून ठरतं. मोजमाप चुकलं, तर निर्णयही चुकणार.