माळ्यावरचा ग्रामोफोन विकायचाय? आधी तो खरा आहे का ते पाहा. मग बाजार, लिलाव की संग्राहक ते ठरवा

वाडा पाडून इमारत उभी राहणार असते किंवा आजोबांच्या खोलीची आवराआवर सुरू असते. माळ्यावरून चादरीत गुंडाळलेलं एक खोकं खाली येतं. चावी फिरवली की आतलं चाक अजून फिरतं. घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, 'लाखाला जाईल.' दुसरा म्हणतो, 'भंगारवाल्याला दे.' बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो.

आधी नाव नीट घ्या

आपल्याकडे सगळ्यालाच 'फोनो' म्हणायची पद्धत होती. पण खरेदीदार पहिला प्रश्न हाच विचारेल: तबकडी की नळकांडं? एडिसनने 1877 मध्ये केलेला तो फोनोग्राफ. त्यावर नळकांड्यावर कोरलेला आवाज वाजतो. बर्लिनरचा 1887 चा ग्रामोफोन म्हणजे सपाट तबकडीचं यंत्र. महाराष्ट्रातल्या घरांत सापडतो तो बहुतेक ग्रामोफोनच. नळकांड्याचं यंत्र निघालं, तर घाई अजिबात करू नका. त्याचे गिऱ्हाईक थोडे असतात, पण ते जाणकार असतात. नळकांडी मेणाची असतील तर त्यांच्या बाहेरच्या बाजूला बोटही लावू नका.

जाता जाता एक गंमत. 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा तो कुत्रा, निपर, मूळ चित्रात एडिसनच्या फोनोग्राफसमोर बसला होता. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं आणि चित्रकार फ्रान्सिस बॅरोकडून त्या जागी ग्रामोफोन रंगवून घेतला.

खरा की 'क्रॅपोफोन'?

सगळा व्यवहार इथेच ठरतो, त्यामुळे इथे वेळ घाला. परदेशातल्या संग्राहकांनी बनावट ग्रामोफोनला 'क्रॅपोफोन' असं नाव ठेवलंय आणि ही बनावट यंत्रं मोठ्या प्रमाणात भारतातच जुळवली जातात. जुन्या पोर्टेबल यंत्राची मोटर, नवी लाकडी पेटी, चकचकीत पितळी कर्णा आणि वर कुत्र्याचं चित्र अशी ती बनावट. हॉटेलच्या लॉबीत शोभेला ठेवतात ती बहुधा हीच. आजोबांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात हौसेने विकत घेतलेला 'अँटिक' ग्रामोफोनही यातला असू शकतो. हे ऐकायला घरात कुणालाच आवडत नाही.

पितळी कर्णा दिसला म्हणजे माल खोटाच, असं नाही. अगदी सुरुवातीच्या काही खऱ्या यंत्रांना पितळी कर्णे होते. पण अष्टकोनी पेटी, फुलासारखा झळझळीत कर्णा, मागे कर्णा धरणारा ओबडधोबड जाड कोपरा आणि चिकटवल्यासारखा लोगो हे सगळं एकत्र दिसलं, तर शंका घ्या. स्क्रू बघा. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर वापरात आला. 1910 चं म्हणून सांगितलेल्या यंत्रावर सगळे स्क्रू तसेच असतील, तर हिशेब जुळत नाही. एखाददुसरा असेल तर तो दुरुस्तीत बदललेला असू शकतो.

खऱ्या यंत्रावर मॉडेलची किंवा सीरियल नंबरची पट्टी असते. तिचा मोबाईलवर जवळून फोटो काढा. साउंडबॉक्सचा, टोनआर्मचा, मोटरच्या पाटीचा आणि पेटीच्या तळाचाही काढा. तळाचं लाकूड सहसा खोटं बोलत नाही.

चालतो का, हे कसं बघायचं?

जुन्या तबकड्या मिनिटाला 78 फेरे घेतात. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी ठेवा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि फेरे मोजा. वेग स्थिर ठेवण्याचं काम आतला गव्हर्नर करतो: फिरणारी छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि ब्रेक लागतो. इंजिनीअरिंगला जो गव्हर्नर आपण फक्त मार्कांपुरता शिकलो, तो इथे प्रत्यक्ष काम करताना दिसतो.

पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते. जुनी सुई लावून डेमो दिलात, तर तबकडी खरवडली जाईल. नंतरच्या काळातली विनाइलची एलपी तर यावर लावूच नका. जड साउंडबॉक्स एका फेरीत तिचं नुकसान करतो.

आणि स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. आतली पोलादी पट्टी ताणलेली असते. ती सुटली तर हात फाटतो.

साफसफाई किती?

कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, तेवढं पुरे. चिंच-मीठ, पितळ चमकवणारी पावडर, नवं व्हार्निश, सुताराकडून 'जरा पॉलिश' हे काहीही करू नका. संग्राहक मूळ रंगाचे आणि मूळ लोगोचे पैसे देतो. चमकवलेलं यंत्र त्याला वापरून टाकलेलं वाटतं.

विकायचं कुठे?

मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे पैसे त्याच दिवशी मिळतात, पण व्यापाऱ्याला पुढे विकून नफा काढायचा असतो, त्यामुळे भाव त्या हिशेबानेच लागतो. एचएमव्ही 102 सारखी पोर्टेबल पेटी असेल, तर हा मार्ग ठीक आहे. ती मोठ्या संख्येने बनली, दुर्मीळ नाही.

लिलावगृहं कमिशन घेतात आणि किरकोळ वस्तू घेतही नाहीत. यंत्र खरंच वेगळं असेल, तरच तिथे फोटो पाठवा.

माझं मत विचाराल तर आधी संग्राहकांकडे जा. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आणि तिचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक या मंडळींना जोडत आलं आहे. विकत घेणारा नाही मिळाला तरी तुमच्याकडे नेमकं काय आहे, ते सांगणारा मिळू शकतो.

ऑनलाइन भाव बघताना मागितलेली किंमत पाहू नका, विक्री झालेल्या वस्तूंचा फिल्टर लावा. आणि कुणी 'मी लष्करात आहे, न बघताच घेतो' म्हणत क्यूआर कोड पाठवला, तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

अमेरिकेतला भाचा घेऊन जाऊ शकतो का?

इथे कायदा आडवा येतो. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान 100 वर्षं जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. 1920 च्या दशकातली यंत्रं आता एकेक करून त्यात येतात. यंत्र त्याहून नवं असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ते पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्या. नाहीतर विमानतळावर अडकेल. परदेशी खरेदीदारालाही हेच लागू.

देशातल्या देशात विकताना सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, पावती करा, त्यावर सीरियल नंबर लिहा. कर लागतो का, ते सीएला विचारा: घरगुती वापराच्या जंगम वस्तूला सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, 'कलाकृती'ला लागू शकतो.

तबकड्या यंत्राबरोबर फुकट देऊ नका. प्रत्येक लेबलचा फोटो काढून वेगळी यादी करा. कधी कधी पेटीपेक्षा तबकडीच्याच मागे कुणीतरी असतं. पार्सल करायचं असेल, तर स्प्रिंग पूर्ण उतरू द्या, साउंडबॉक्स काढून वेगळा गुंडाळा, टोनआर्म बांधा, तबकड्या उभ्या ठेवा. चावी मात्र पेटीतच आहे ना, ते खोकं बंद करण्याआधी एकदा बघा.